हिरोच हिरोला का बडवतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी सुपरहिरोंच्या आपापसातल्या मारामाऱ्यांवर एवढी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, अमका आणि तमका भिडले तर कोण जिंकेल, नुसती नावं बदललेली. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मी थॉरवाला आणि माझा धाकटा भाऊ हल्कवाला. आमचं बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. काय तो एकदाच निकाल द्या. (इयत्ता नववीतला वाचक)

अरे बाबा, तुमचं भांडण तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. 'जर्नी इंटू मिस्टरी' नावाच्या कॉमिक्सचा ११२ वा अंक, जानेवारी १९६५ चा. त्यात थॉर चाललेला असतो आणि समोर पोरांचे दोन गट अगदी हमरीतुमरीवर आलेले, कशावरून तर थॉर भारी की हल्क भारी. मग थॉर स्वतःच त्यांना हल्कशी झालेल्या मारामारीची गोष्ट सांगतो. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी या दोघांनी वाचकांचं भांडण उचललं आणि सरळ गोष्टीतच टाकलं, म्हणजे बघ.

त्या मारामारीत एक गंमत आहे. थॉरला स्वतःला जाणून घ्यायचं असतं की हातोडा नसताना आपण कितपत टिकतो. पण तेव्हाचा नियम असा होता की हातोडा हातातून सुटून ६० सेकंद झाले की थॉरचा परत साधा माणूस होणार. मग तो बापाला, म्हणजे ओडिनला गाऱ्हाणं घालतो आणि ओडिन पाच मिनिटांपुरती ती अट बाजूला ठेवतो. पाच मिनिटं नुसती धुमश्चक्री, भिंती काय कोसळतात, दगड काय उडतात. आणि निकाल? लागतच नाही. तुमच्यासारखी पोरं शेवटपर्यंत तशीच लटकलेली.

लागणार तरी कसा म्हणा, दोघंही एकाच कंपनीचे, मार्व्हलचे. एकाला चीतपट केला की त्याचे वाचक रुसले.

तू म्हणशील ताकद मोजता येत असेल ना. मोजली की! मार्व्हलने १९८३ पासून 'ऑफिशियल हँडबुक' काढलं, त्यात कोण किती टन उचलतो ते अगदी अधिकृतपणे दिलंय. स्पायडरमॅन १० टन वगैरे. आणि हल्क, थॉर? दोघंही 'क्लास १००', म्हणजे १०० टनांच्या वर, बस. तुला जिथे फरक हवाय नेमका तिथेच त्यांचा काटा संपतो. आणि गंमत म्हणजे १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'च्या चौथ्या अंकाचं कव्हर बघ, हल्कने अख्खा डोंगर पाठीवर तोलून धरलाय, वजन १५० अब्ज टन! हँडबुकवाला आणि कव्हरवाला एकाच कंपनीत पगार घेत होते यावर विश्वास बसत नाही.

माझं मत विचारशील तर मारामारी लांबली तर हल्क, कारण त्याचा राग जसा चढतो तशी ताकद चढते, आणि पटकन आटपली तर थॉर. आता भावाशी बोल जा.

प्रश्न : मुलगा सांगतो की दोघंही चांगले आहेत, जगाला वाचवतात. मग एकमेकांना का मारतात? त्यांना बोलता येत नाही का? (एक आई)

येतं हो ताई, पण ते पहिल्याच पानावर बोलले तर उरलेली पानं कशाने भरायची?

गंमत सोडा, प्रश्न एकदम बरोबर आहे. याचा एक ठरलेला साचा आहे आणि तो एकदा कळला की तुम्हाला सगळीकडे दिसायला लागेल. दोन हिरो भेटतात, काहीतरी गैरसमज होतो, धरपकड आणि ठोसाठोशी होते, मग कळतं की अरे खरा चोर तर तिसराच आहे, मग दोघं मिळून त्याला धुतात आणि हातात हात देऊन आपापल्या घरी. पाच वाक्यं बोलली असती तर मिटलं असतं, पण ती पाच वाक्यं नेमकी मारामारी झाल्यावरच सुचतात.

यामागे धंदा आहे. एका हिरोचा वाचक दुसऱ्याचं मासिक घेईलच असं नाही, म्हणून दोघांना एका कव्हरवर आणायचं, आणि कव्हरवर दोघं चहा पिताना दाखवून कोण विकत घेणार? सुरुवात अगदी जुनी आहे, १९४० ची. 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'मध्ये दोन हिरो होते, एक ह्यूमन टॉर्च, म्हणजे पेट घेणारा यंत्रमानव, आणि दुसरा नेमोर, पाण्याखालचा राजपुत्र, डोकं कायम सटकलेलं. एक आग, एक पाणी, यांना भिडवायचं हे न सुचणं अवघड होतं! कार्ल बर्गोस आणि बिल एव्हरेट, दोघांचे निर्माते, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये यांची जुंपून दिली. भानगड आठव्या अंकात पेटली, नवव्यात मोठी मारामारी झाली आणि अंक संपला तो दोघं एकमेकांना पेचात धरून बसलेले असताना. वाचकांनी महिनाभर वाट बघितली, दहावा अंक हातात घेतला, आणि त्यात शेवट किती, तर एक पान! बेटी डीन नावाची पोलीस बाई मध्ये पडते, समजावते, संपलं.

म्हणजे ताई, पहिल्याच मोठ्या मारामारीत तुमचाच प्रश्न एका बाईने विचारला होता आणि तिचं ऐकलंही होतं. नंतरच्या लेखकांनी तेवढी सोय ठेवली नाही.

पुढे साठच्या दशकात तर हा साचा रोजचाच झाला. १९६३ मध्ये स्पायडरमॅनच्या स्वतःच्या मासिकाचा पहिलाच अंक आला, त्यात हा पोरगा फँटास्टिक फोरच्या ऑफिसात घुसतो, त्यांच्याशी झटापट करतो, का, तर आपली करामत दाखवून टीममध्ये नोकरी मिळवायची म्हणून. मग पगार विचारतो. ते म्हणतात आम्ही नफ्यासाठी काम करत नाही, हा तोंड पाडून निघून जातो. मला सुपरहिरोंच्या सगळ्या भांडणांत हे सगळ्यात खरं वाटतं. वुल्व्हरिनसुद्धा पहिल्यांदा आला तो हल्कशी मारामारी करायलाच, १९७४ मध्ये. पनिशर त्याच वर्षी आला, स्पायडरमॅनला मारायची सुपारी घेऊन. पुढे दोघंही स्वतःच्या नावावर मासिकं चालवायला लागले. नवा माणूस किती पाण्यात आहे ते दाखवायचं तर लोकांना माहीत असलेल्या माणसासमोर उभा करा, एवढं साधं आहे.

प्रश्न : मार्व्हल आणि डीसीच्या हिरोंची खरीखुरी मॅच झाली होती आणि लोकांनी मतदान केलं होतं असं काका सांगतात. थापा मारतात का? (कॉलेजातली वाचक)

काका खरं सांगतायत. मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपन्या. १९९६, 'मार्व्हल व्हर्सेस डीसी', चार अंक. एकूण ११ लढती, त्यातल्या पाच वाचकांच्या मतांवर आणि बाकीच्या सहा लेखकांनी ठरवलेल्या. मतदानवाल्या पाचांत सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, स्टॉर्मने वंडर वुमनला आणि वुल्व्हरिनने लोबोला. सगळे धरून मार्व्हल ६, डीसी ५.

पण यातली गोम ऐक. मतदान म्हणजे कोण जास्त ताकदवान ते नाही, कोण जास्त लाडका ते. लोबो हा अख्खे ग्रह उद्ध्वस्त करणारा गडी, त्याला वुल्व्हरिन हरवतो म्हणजे लेखकाची पंचाईतच, दाखवायचं कसं? तर त्यांनी काय केलं, दोघांना एका बारच्या काउंटरमागे पाडलं, मारामारी तिकडेच, आपल्याला काही दिसत नाही, आणि मग वुल्व्हरिन एकटा वर येतो आणि सिगार ओढतो. एवढंच! मतांचा मान राहिला आणि लेखकाची अब्रूही वाचली. मी शाळेत असताना हे पान उलटसुलट करून बघितलं होतं, मला वाटलं मधलं पान फाटलंय.

वंडर वुमनचं हरणं मात्र मला अजून खटकतं. त्याच गोष्टीत तिला थॉरचा हातोडा सापडतो, जो फक्त लायक असलेल्यालाच उचलता येतो, ती तो उचलते, म्हणजे ती लायक आहे हे सिद्ध झालं, आणि मग स्टॉर्मशी लढायच्या आधी ती तो स्वतःहून बाजूला ठेवते, लढत बरोबरीची व्हावी म्हणून. आणि मग विजा खाऊन हरते. ठेवला नसता तर? पण मग ती वंडर वुमन कसली.

काकांना १९७६ चा 'सुपरमॅन व्हर्सेस स्पायडरमॅन' माहीत आहे का विचार, तो यांचा बाप. दोन कंपन्यांचे सुपरहिरो पहिल्यांदा त्यात भिडले, भला मोठा आकार, किंमत दोन डॉलर. आता स्पायडरमॅन सुपरमॅनला मारणार कसा? तर सुपरमॅनचा शत्रू ल्युथर स्पायडरमॅनवर गुपचूप लाल सूर्याचा किरणोत्सर्ग सोडतो, त्याने थोड्या वेळापुरती त्याच्या ठोशात जान येते. तेवढ्यात तो सुपरमॅनला चांगला हाणतो. मग त्याचा असर उतरतो आणि याला कळतच नाही, हा मारतोच आहे मारतोच आहे, सुपरमॅन नुसता उभा, आणि याचेच हात सुजतात. मस्त सीन आहे.

प्रश्न : बॅटमॅन साधा माणूस, तरी सुपरमॅनला हरवतो. हे चीटिंग नाही का? "तयारीला वेळ मिळाला की बॅटमॅन कुणालाही हरवेल" हे ऐकून माझे कान किटलेत. (इंजिनीअर, वय ३१)

तुमचे किटले तर आमचे फाटलेत. पण ज्या गोष्टीवरून हे सगळं सुरू झालं ती १९८६ ची फ्रँक मिलरची 'द डार्क नाइट रिटर्न्स' परत वाचा, तिथे बॅटमॅन फुकट जिंकत नाही. आधी सुपरमॅन अणुबॉम्बच्या स्फोटात सापडून पार वाळून गेलेला असतो, नुकताच सावरलेला. बॅटमॅनकडे चिलखत, ते रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला जोडून वीज घेतो, वर क्षेपणास्त्रं, आणि शेवटी एका हाताचा तिरंदाज ग्रीन अॅरो दातात दोरी धरून क्रिप्टोनाइटचा, म्हणजे सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या दगडाचा, बाण सोडतो. एवढा लवाजमा करून मिळतात किती, तर काही मिनिटं, आणि मग बॅटमॅनचं हृदयच थांबतं. त्याला सुपरमॅनला मारायचं नव्हतंच, फक्त एका माणसाने तुला हरवलं होतं हे तुझ्या लक्षात राहू दे, एवढंच.

आणि नंतरचं स्मशानातलं पान लोक विसरतात. सगळे निघून चाललेत, सुपरमॅनही वळतो, आणि त्याला जमिनीखालून हृदयाचा ठोका ऐकू येतो. तो बॅटमॅनच्या त्या चेल्या पोरीकडे बघतो, डोळा मारतो आणि गप निघून जातो. माझ्या मते खरी मारामारी तिथे संपते. हरलेल्या माणसाने ठरवलं की याचं गुपित मी ठेवणार.

'तयारी' म्हणाल तर त्याची उलटी बाजू २००० सालच्या 'टॉवर ऑफ बेबल'मध्ये आहे, मार्क वेडची. बॅटमॅनने जस्टिस लीगमधल्या, म्हणजे डीसीच्या हिरोंच्या टीममधल्या, प्रत्येक मित्राला कसं पाडायचं याच्या फायली करून ठेवलेल्या असतात, अॅक्वामॅनला पाण्याची भीती घालायची, ग्रीन लँटर्नला आंधळं करायचं वगैरे. त्या रास अल गुल या त्याच्या शत्रूच्या हाती लागतात आणि सगळे एकाच वेळी लोळतात. मग लीग त्याला हाकलते. बॅटमॅनची तयारी भारी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं, रात्री बसून जिवलग मित्रांची कमजोरी टिपून ठेवणारा माणूस तुमच्या ऑफिसात असता तर तुम्ही त्याच्याबरोबर डबा खाल्ला असता का?

प्रश्न : स्पायडरमॅनने गॅलॅक्टसच्या दूताला हरवलं हे खरं का?

खरं. गॅलॅक्टस म्हणजे ग्रह गिळणारा महाकाय, आणि त्याचा हा दूत फायरलॉर्ड, १९८५, 'अमेझिंग स्पायडरमॅन' २६९ आणि २७०. ताऱ्यांची आग अंगात असलेला प्राणी आणि हा १० टनवाला. सुरुवातीला बिचारा शहरभर पळतो, मग वैतागतो आणि नुसत्या हाताने मारत सुटतो, थांबतच नाही, अॅव्हेंजर्स, म्हणजे मार्व्हलच्या हिरोंची टीम, येऊन थांबवतात तेव्हा समोरचा कधीच बेशुद्ध. हिशोबात अजिबात बसत नाही. मासिक कोणाच्या नावावर होतं ते बघा, कळेल.

प्रश्न : 'सिव्हिल वॉर'मध्ये तुम्ही कोणाच्या बाजूने? सिनेमा बघितलाय, कॉमिक्स वाचावं का? (दोन मैत्रिणी, एक आयर्न मॅनवाली, एक कॅपवाली)

वाचाच. आणि सिनेमा विसरून वाचा, कारण गोष्ट बरीच वेगळी आहे.

कॉमिक्स २००६-०७ चं, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन, सात अंक. सुरुवात कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला. न्यू वॉरियर्स नावाचे तरुण हिरो टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोसाठी शूटिंग करत करत खलनायकांच्या घरावर धाड घालतात, रेटिंग वाढावं म्हणून. त्या खलनायकांतला नायट्रो पळतो आणि एका शाळेजवळ स्वतःचा स्फोट घडवतो. ६१२ माणसं जातात, त्यात शाळेतली पोरं. मग लोक चिडतात आणि कायदा येतो, सुपरहिरोंनी खरं नाव सरकारकडे नोंदवायचं, ट्रेनिंग घ्यायचं, नाहीतर गुन्हेगार. आयर्न मॅन म्हणतो बरोबर आहे, पोलिसाला ओळखपत्र लागतं तर आपल्याला का नको. कॅप, म्हणजे कॅप्टन अमेरिका, म्हणतो आज नाव दिलं की उद्या सरकार सांगणार कोण शत्रू आणि कोण नाही. दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच हे भांडण त्या गैरसमजवाल्या साच्यातलं नाही, इथे दोघं भरपूर बोलतात आणि तरी भिडतात.

सिनेमात (२०१६) भांडण शेवटी कॅपचा जुना मित्र बकी आणि टोनीच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, आईबापांवर येऊन थांबतं, घरगुती होतं. वाईट नाही, शेवटची मारामारी बघताना पोटात तुटतं, पण कायद्याचा प्रश्न मात्र त्याआधीच्या विमानतळावरच्या मारामारीतच राहून जातो. कॉमिक्समध्ये तो पाठ सोडत नाही. स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मास्क काढतो, आपलं नाव सांगतो, टोनीवर विश्वास ठेवून, आणि मग त्याला दिसतं की सही न करणाऱ्या जुन्या मित्रांना कोंडायला निगेटिव्ह झोनमध्ये, म्हणजे एका दुसऱ्याच विश्वात, तुरुंग बांधलाय. मग तो बाजू बदलतो, पण नाव तर सांगून झालं ना, ते परत कसं घेणार? चौथ्या अंकात थॉरचा क्लोन गोलायथच्या, म्हणजे राक्षसाएवढा होणाऱ्या हिरोच्या, छातीतून वीज आरपार घालतो. गोलायथ त्या मोठ्या आकारातच मरतो आणि परत लहान करता येत नाही म्हणून तसाच भल्या मोठ्या खड्ड्यात पुरतात. ती ताडपत्रीत गुंडाळलेली आकृती एकदा बघितली की सुटत नाही. (माझा चौथा अंक एका मित्राने "दोन दिवसांत देतो" म्हणून नेला, आता तो फोनही उचलत नाही.)

शेवट तर अजून वेगळा. कॅप जिंकत असतो. आयर्न मॅन खाली पडलाय, ढाल वर उचललेली, आणि तेवढ्यात साधी माणसं कॅपवर तुटून पडतात, आगीच्या बंबावरचे, अँब्युलन्सवाले. तो म्हणतो सोडा, तुम्हाला लागेल. मग मान वर करून बघतो तर अख्खा रस्ता उद्ध्वस्त, आणि तो आपणच केलेला. मास्क काढून टाकतो आणि स्वतःला अटक करून घेतो.

बाजू विचारलीत म्हणून सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पक्का कॅपवाला होतो. आता टोनीचा मुद्दा पटतो आणि टोनी पटत नाही. दोघींनी मिळून वाचा, एक अंक एकीने, मग भांडा.

प्रश्न : सुपरमॅन आणि फ्लॅश, शर्यतीत कोण? आणि मोहम्मद अलीने सुपरमॅनला हरवलं म्हणे!

पहिली शर्यत १९६७ ची, संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीसाठी, सट्टेवाले मागे लागले म्हणून दोघांनी मुद्दाम बरोबरी केली. १९७० मध्ये फ्लॅशने जिंकून दाखवली आणि तेच बरोबर आहे, सुपरमॅनला बाकी सगळं येतं, फ्लॅशला फक्त पळणं येतं, तेही काढून घेतलं तर उरलं काय? अलीचं खरं, १९७८. लाल सूर्याखाली, म्हणजे सुपरमॅनची शक्ती बंद, नुसतं बॉक्सिंग. अली त्याला बेदम मारतो आणि सुपरमॅन खाली पडायलाच तयार नाही, शेवटी आपसूक कोसळतो. नील अॅडम्सची चित्रं आहेत, मिळालं तर सोडू नका.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं कॉमिक्स वाचतोय. आता दर वर्षी नवीन महायुद्ध, हिरो विरुद्ध हिरो, आणि सहा महिन्यांत सगळे परत मित्र. कंटाळा आलाय. एखादी चांगली मारामारी उरलीय का? (जुना वाचक)

तुमची तक्रार मान्य. २००७ ला 'वर्ल्ड वॉर हल्क', २०१२ ला 'अॅव्हेंजर्स व्हर्सेस एक्समेन', २०१६ ला परत 'सिव्हिल वॉर २', आणि मुख्य अंकाबरोबर जोडअंकांची ही रांग, कोण कोणावर का रागावलाय हे समजायला वेगळी वही घालावी लागते. दोन माणसं भांडतात तेव्हा आपल्याला वाईट वाटावं, तर आधी त्यांची मैत्री थोडी तरी दाखवायला नको का?

पण तुम्ही 'जेएलए/अॅव्हेंजर्स' (डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे अॅव्हेंजर्स) वाचलं नसेल तर तेवढं शोधा. ते खरं तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच यायचं होतं, जॉर्ज पेरेझने २१ पानं काढूनही झाली होती, आणि दोन्ही कंपन्यांचं फाटलं आणि बारगळलं. मग तब्बल वीस वर्षांनी, २००३-०४ मध्ये, त्याच पेरेझने कर्ट ब्युसिएकबरोबर ते पूर्ण केलं. प्रत्येक हिरो, अगदी मागच्या रांगेतला सुद्धा, चेहऱ्यासकट काढलाय, असली पानं काढायला माणूस वेडाच लागतो. पेरेझ २०२२ मध्ये गेला, त्याआधी दोनच महिने गरजू कॉमिक्सवाल्यांच्या मदतीसाठी याच्या फक्त ७,००० प्रती परत छापल्या होत्या.

त्यात बॅटमॅन आणि कॅप समोरासमोर येतात तो भाग बघा. दोन-चार डाव टाकतात, एकमेकांना जोखतात, आणि दोघंही थांबतात. हे बराच वेळ चालेल, त्यापेक्षा हे सगळं कोण घडवतंय ते शोधूया, एवढं बोलून सोबत निघून जातात. वरच्या ताईंना हे पान नक्की दाखवा.

आणि शेवटच्या युद्धात सुपरमॅनच्या एका हातात कॅपची ढाल आणि दुसऱ्यात थॉरचा हातोडा. सगळं आटोपल्यावर तो हातोडा परत उचलून बघतो तर जागचा हलत नाही. थॉर सांगतो, माझा बाप कडक आहे पण मूर्ख नाही, जग बुडत होतं म्हणून तेवढ्यापुरता उचलू दिला.